तंगडीचा मान

आमच्या परसात डझनभर गावठी कोंबड्या होत्या आणि त्यांतली एकही खायची नव्हती. त्यांच्यावर संशोधन चालू होतं. मांसाहारी घराला याहून मोठी शिक्षा नाही. दाराशी कोंबडी तुरुतुरु फिरतेय आणि ताटात मात्र वरण, हे पाहून पाहुणे मनापासून हळहळायचे. गावाकडचे एक काका तर निघताना कुंपणाशी थांबून, देवळाबाहेर उभं राहावं तसे, त्या कोंबड्यांकडे जरा वेळ बघायचे आणि मग चपला घालायचे. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांची दया येत नसे. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला होता कोंबड्यांच्या कळपातली उतरंड.

आमचं घर सातपूरला, कारखान्यांना लागूनच्या वस्तीत. पहाटे भोंगा व्हायचा, पहिल्या पाळीच्या सायकली खडखडत जायच्या आणि त्या आवाजानं दचकून शेजारचा कोंबडा आरवायचा. मग नाना कानटोपी घालून परसात घडीच्या खुर्चीत बसायचे. मांडीवर जाड वही, हातात खेळाच्या सरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच आणि गळ्यात दुर्बीण. नाना आणि कोंबड्या यांच्यात चार पावलांचंसुद्धा अंतर नसायचं, पण परदेशातले संशोधक दुर्बीण लावतात असं त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. त्या दुर्बिणीतून कोंबडीचा फक्त एक डोळा दिसायचा, तोही रागावलेला. मी मूठभर बाजरी फेकायची, नानांनी घड्याळ दाबायचं, आणि कुणी कुणाला टोच मारली ते टिपून घ्यायचं. हे रोज चालायचं. आई आतून चहा गार होतोय म्हणून सांगायची आणि नाना तिला हातानंच गप्प करायचे.

नानांचा सिद्धान्त थोडक्यात सांगते. थोडक्यात तो आम्ही कधीच ऐकला नाही. कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. पहिली सगळ्यांना टोचते, तिला कुणी टोचत नाही. दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना टोचते. असं करत करत शेवटची सगळ्यांच्या टोचा खाते आणि तिला टोचायला कुणी उरत नाही. एकदा हे बसलं की भांडणाची गरज पडत नाही. वरचीनं नुसती मान ताठ केली की खालची मुकाट्यानं बाजूला होते. दाणे पहिलीनं आधी खायचे, उरले तर शेवटचीनं. हे सगळं नाना पाटावर बसून, जेवता जेवता सांगत. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत असायची. तव्यावरची भाकरी नानांच्या ताटात, पुढची दादाच्या, मग आत्याच्या, मग माझ्या. तिची स्वतःची कधी व्हायची ते मला आठवत नाही, कारण तोवर मी हात धुतलेले असायचे. "किती शिस्त आहे बघ निसर्गात!" नाना तिला म्हणायचे. "अजून अर्धी वाढू का?" आई विचारायची.

हल्ली म्हणे कोंबडीला किती कळतं हे तपासायला परदेशात मोठाल्या प्रयोगशाळा आहेत. आपल्या कळपातल्या कोंबड्या ती एकेक करून ओळखते, दुसऱ्या दोघींचं भांडण नुसतं पाहून आपली पायरी कुठली ते ताडते, असं काहीबाही माझ्या भाचीनं परवा मोबाइलवर वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला काही नवल वाटलं नाही. चार माणसांच्या घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला हे सगळं न्हाण येण्याआधी येत असतं.

कोंबड्यांना नावं द्यायची नाहीत असा नानांचा कडक नियम होता. नाव दिलं की भावना येते आणि भावना आली की शास्त्र बिघडतं. म्हणून त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्या कापून प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घातलं होतं. पण भागाआत्यापुढे नियम कसला टिकतो? आत्या ही नानांची थोरली बहीण. तिचे यजमान हरसूलला मास्तर होते. ते गेल्यावर ती चार दिवस म्हणून आमच्याकडे आली आणि घराची मालकीण झाली. लाल कड्याची काळीभोर, जाड मानेची कोंबडी पहिल्या नंबरची होती, तिचं नाव आत्यानं सरपंचीण ठेवलं. मानेवरची सगळी पिसं टोचून उडालेली शेवटची ती टकली. आत्या आणि सरपंचीण एकमेकींच्या वाटेला जात नसत.

पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी नानांना सांगून ठेवलं होतं, की पहिली कोंबडी कळपातून काढा आणि मग काय होतं ते बघा, त्याशिवाय प्रबंध पुरा होणार नाही. नाना ते काम वर्षभर पुढे ढकलत होते. विचारलं की म्हणायचे, "हवामान अनुकूल नाही." खरी गोष्ट अशी, की ते सरपंचिणीला भ्यायचे. तिला धरायला गेले की त्यांच्या मनगटावर टोच बसे, आणि ती मात्र वहीत उतरत नसे.

कोंबडी खायची ती दुकानातून यायची, बहुधा रविवारी. सकाळपासून कांदा-खोबरं भाजल्याचा वास, पाट्यावर काळ्या मसाल्याचा खरखर आवाज, आणि बाजरीच्या भाकरीची थापथाप. वाटणीही ठरलेली. तंगड्या नानांना, पाहुणा असला तर एक पाहुण्याला. काळीज दादाला, कारण त्यानं डोकं चालतं आणि तो मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसणार होता. पथरी आत्याची. मला मान किंवा पंख. आईच्या ताटात मी फोड पडलेली पाहिली नाही. ती रस्सा घ्यायची आणि म्हणायची, "मला रस्साच आवडतो." हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं, की आम्हांला ते खरं वाटायचं.

आता ताईचं. कुंदाताई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिला पिंपळगाव बसवंतला दिली होती. दाजी तिथं द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसमध्ये सुपरवायझर, घरचा कांदा, घरावर स्लॅब. स्थळ आत्यानं आणलेलं, त्यामुळे त्यात खोट असणं शक्यच नव्हतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ताई एका संध्याकाळी एसटीनं एकटीच आली. हातात एक पिशवी, आणि अंगातलं पोलकं खांद्यावरून उतरत होतं इतकी वाळलेली. त्या घरात सुनेनं सगळ्यांच्या मागून जेवायचं असा रिवाज होता, आणि सगळ्यांच्या मागून काही उरत नसे. एकदा भूक सोसवेना म्हणून तिनं आधी भाकरी खाल्ली, तेव्हा दाजींनी हात उचलला. मग त्यांना ती सवय लागली. हे तिनं फक्त आईला सांगितलं आणि वर म्हणाली, "मी परत जाणार नाही."

योग असा, की त्याच महिन्यात नानांचा एक प्रयोग पार पडला. पिवळ्या कड्याची एक मधल्या नंबरची कोंबडी त्यांनी काही आठवडे एका मित्राकडे ठेवली होती, ती परत आणून कळपात सोडली. कुणी ओळख द्यायला तयार नाही. सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. टकलीसुद्धा, जिनं जन्मात कुणाला टोचलं नव्हतं, ती मान लांब करून धावली. नानांचा आनंद पोटात मावेना. "परत आलेली कोंबडी म्हणजे नवी कोंबडी! तिला तळापासून सुरुवात करावी लागते!" त्यांनी हे ओरडून सांगितलं तेव्हा समोर ताई भांडी घासत होती. आत्यानं ती आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून भांडी तिच्याकडे लावली होती. तिच्या खाटेवर दादा झोपायला लागला होता, तो काही उठला नाही. शेजारच्या बायका पाण्याच्या नळावर विचारत, "माहेरपण लांबलं गं यंदा?" मला त्या वयातही वाटायचं, की नानांनी खुर्ची नुसती फिरवून घराकडे तोंड केलं असतं तर दोन प्रबंध झाले असते. पण खुर्ची परसाकडेच राहिली.

आणि एके दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला. दाजी उतरले, मागून त्यांचे मामा उतरले, आणि मामांच्या खांद्यावर व्यापाऱ्यानं नाकारलेल्या द्राक्षांची पेटी. नाना कॉलेजला गेलेले. मामा खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "पोरीला न्यायला आलोय. झालं गेलं गंगेला मिळालं. संध्याकाळच्या आत निघू." दाजी भिंतीकडे बघत पाय हलवत बसले. ताई स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं. ती आईकडे बघत होती. आई कांदा चिरत होती.

आत्यानं मात्र कंबर कसली. जावई आला की कोंबडं कापायचं. आमच्यात हे कुणी ठरवत नाही, ते सूर्य उगवल्यासारखं असतं. आई म्हणाली, "दादाला दुकानात धाडते."

"जावई आला अन् दुकानातली बॉयलर?" आत्या कडाडली. "परसात गावठ्या नाचत्यात, त्या काय पाव्हण्याला दिसत नाय? तोंडात शेण घालतील लोकं."

"वन्सं, त्या यांच्या अभ्यासाच्या आहेत."

"अभ्यास ऱ्हाऊ दे. पोरीचा संसार बुडाया लागलाय."

"मग टकलीला तरी..."

"जावयाला टकली? लय शहाणी हायेस. मानाच्या पाव्हण्याला मानाचीच लागती." आत्यानं पदर खोचला आणि परसात गेली. ती आणि सरपंचीण काही वेळ एकमेकींकडे नुसत्या बघत उभ्या होत्या. मग आत्यानं झडप घातली. तिच्याही मनगटावर टोच बसली, पण आत्या काही पीएच.डी. करत नव्हती.

नाना दुपारी आले. हॉलमध्ये जावयाला पाहून त्यांनी हात जोडले, "बसा, बसा" म्हणाले आणि सवयीनं सरळ परसात गेले. तिथं युद्ध पेटलं होतं. पिसं उडत होती, दुसरी आणि तिसरी छातीला छाती लावून भिडल्या होत्या, चौथीनं पाचवीला कोपऱ्यात घेतलं होतं, आणि टकली लाकडाच्या ढिगावर चढून हे सगळं बघत होती. मोरीच्या कडेला लाल कडं पडलेलं. नानांनी ते उचललं. त्यांचा चेहरा आधी पडला. मला वाटलं, आता बहीण-भावाचं वाजणार. पण ते एकदा कड्याकडे बघत होते, एकदा कोंबड्यांकडे, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर असं तेज आलं, की दादाच्या जन्माच्या वेळीही आलं नसेल. जे काम वर्षभर त्यांच्यानं झालं नव्हतं ते आत्यानं विळीवर करून टाकलं होतं.

"सुमे, घड्याळ आण," ते मला म्हणाले आणि कॉलेजच्या कपड्यांनिशी खुर्चीत बसले.

हॉलमधून मामांची हाक आली, "नाना, दोन शब्द बोलायचे व्हते."

"आलोच. दुसरी-तिसरीची जुंपलीय."

थोड्या वेळानं पुन्हा हाक, पुन्हा "आलोच". ताई पाट्यावर मसाला वाटत होती; नानांचा प्रत्येक "आलोच" ऐकला की तिचा वरवंटा थांबायचा. शेवटी ती तशीच मसाल्याच्या हातानं उठली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "नाना, मला जायचं नाही. तुम्ही त्यांना सांगा."

"हो, हो," नाना दुर्बीण न काढता म्हणाले. "पण आत्ता बोलू नकोस. बिचकतील."

ताई तिथंच उभी राहिली. नानांचा राग मला त्या दिवशी जितका आला तितका पुढे कधी आला नाही. आई चुलीपाशी होती, तिनं हे ऐकलं. तिनं रश्शाचं पातेलं खाली उतरवलं, झाकण काढलं आणि पळीनं ढवळत बराच वेळ आत बघत राहिली.

पंगत मांडली. आत्यानं जावयाच्या पाटाभोवती रांगोळी काढली होती. दाजी, मामा, नाना, दादा असे ओळीनं बसले. नानांनी वही मांडीखाली ठेवली होती. आत्या उंबऱ्यावर बसून हुकूम सोडत होती. "तंगड्या जावईबापूंना. दोन्ही वाढ." आई पातेलं घेऊन आली. दाजींच्या ताटासमोर ती वाकली, पळी पातेल्यात घातली, आणि तशीच थांबली. मग सरळ उभी राहिली.

"कुंदे, ये. बस."

ताईला कळेना. आईनं पायानं एक पाट सरकवून नानांच्या बाजूला लावला. "बस म्हटलं ना." ताई घाबरून बसली. आईनं तिच्यासमोर ताट ठेवलं, पहिली पळी तिला वाढली, त्यात दोन्ही तंगड्या आल्या. मग रस्सा. मग चुलीवरची गरम भाकरी. बाकी चारही ताटं कोरडी. "जेव," आई म्हणाली.

"शांते, डोकं फिरलं का गं तुझं?" आत्या किंचाळली. "पाव्हणं बसलेत!"

"दिसतंय मला, वन्सं. त्यांना पण वाढते. हिचं होऊ दे."

मामांना हे समजायला जरा वेळ लागला. "म्हंजे? आमी सुनंच्या मागून जेवायचं?"

"उरलं तर," आई म्हणाली. "तुमच्या घरी ही तशीच जेवत होती."

आईचा आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ घातलंय का विचारावं तसं ती बोलली. दाजींचं तोंड लाल झालं. "कुंदा, ऊठ," ते म्हणाले. ताईचा घास हातात होता. एरवी ती उठली असती. त्या आवाजाला उठायची तिला सवय होती. तिनं मान खाली घातली, घास तोंडात घातला आणि चावायला लागली. सगळं घर तिच्या चावण्याकडे बघत होतं.

मामा नानांकडे वळले. "नाना, तुमी बोला. बायामाणसांचं सोडा. पोरीला धाडताय का नाय?"

नानांनी ताईकडे पाहिलं. तिच्या मनगटाच्या हाडाकडे, पोलक्यातून दिसणाऱ्या गळ्याच्या खळगीकडे. मला वाटतं, ती घरी आल्यापासून ते तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाले, "ती जेवतेय ना अजून. जेवत्या माणसाला उठवू नये."

दाजी ताटावरून उठले. भरल्या पंगतीतून जावई उपाशी उठला म्हणून आत्यानं तोंडाला पदर लावला. मामांनी जाताना द्राक्षांची पेटी परत खांद्यावर घेतली. नाना त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. पहिली काढली की सुरुवातीला गोंधळ होतोच. मग बसतं." मामांनी त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं, आणि टेम्पो गेला. नानांनी ते जेवत्या माणसाचं वाक्य धीरानं म्हटलं, की वेळ मारून नेली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते थकल्यावर एकदा मी विचारलं होतं. "मी फक्त जे दिसलं ते सांगितलं," असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

ताई परत गेली नाही. नर्सिंग शिकली, इंजेक्शनाचा हात हलका म्हणून पेशंट तिचं नाव घेऊन यायचे. नानांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात "प्रमुख पक्षी समूहातून वेगळा करण्यात आला" असं वाक्य आहे, आणि पुण्याच्या सरांनी या धाडसाबद्दल त्यांचं कौतुक केलं. तो पक्षी पुढे कुठे ठेवला, असं त्यांनी विचारलं तेव्हा नाना "घरीच" म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

पण त्या दुपारी कुणाला पुढचं ठाऊक होतं? दादा भेदरून काळीजही न मागता जेवला. नाना चार घासांत उरकून परसात पळाले. मग आई, आत्या आणि मी बसलो. आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला काय जेवण जाणार नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "पथरी ठेवली का कुणी?" आईनं ती तिला वाढली आणि स्वतःच्या ताटात नेहमीसारखा रस्सा घेतला.

ताई अजून ताटावरच होती. तिच्या ताटात दुसरी तंगडी तशीच होती, तिनं हात लावला नव्हता. ती उचलून तिनं आईच्या ताटात ठेवली.

"अगं, मला रस्साच..." आई म्हणाली. मग तिनं तंगडी हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि दातानं तोडली. चावत राहिली. ताई आणि मी तिच्याकडे बघत होतो. ती चावतच राहिली.

"निबर आहे," अखेर ती म्हणाली.

"सरपंचीण व्हती ती," आत्या भिंतीशी बोलली.

आईनं मान हलवली आणि पुन्हा तोडली. परसातून नानांची हाक आली, "अगं, चहा टाकतेस का?" आईनं ऐकलं. तिनं सगळं मांस खाल्लं, हाड मोडलं आणि नळी चोखायला घेतली.